सुईचं टोक सापडेपर्यंत

माझ्या शाळेच्या शर्टाला तंबाखूचा वास यायचा. आई तो साबणाने घासायची, दोन पाण्यांतून काढायची, पत्र्यावर कडक उन्हात वाळवायची; तरी मान वळवली की कॉलरमधून वास यायचाच. घर एका खोलीचं आणि त्याच खोलीत आई विड्या वळायची, मग दुसरं काय होणार? सोलापुरात आमच्या गल्लीत दारोदार हेच होतं. उंबऱ्याशी बाई, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. मी शाळेतून आले की दप्तर भिंतीला टेकवून पानं कापायला बसायचे. पत्र्याचा साचा पानावर ठेवायचा आणि कडेने कात्री फिरवायची. वडील यंत्रमागावर होते. मागाच्या खडखडाटात त्यांचे कान गेले, त्यामुळे आमच्याकडे 'जेवायला या' हेसुद्धा भांडल्यासारखं ओरडून सांगावं लागे. पुढे तो कारखानाही बंद पडला आणि घर आईच्या बोटांवर आलं.

संध्याकाळी विड्या द्यायला जायचं, तेव्हा मी आईबरोबर असायचे. तिथला तपासणारा माणूस जुडी उचलायचा, अंगठ्याने दाबायचा आणि मनात येईल तेवढ्या विड्या 'छाट' म्हणून बाजूला टाकायचा. काल चाललेली विडी आज का चालत नाही, हे कुणी विचारायचं नाही. आईही विचारायची नाही. परत येताना मात्र रिकामं सूप काखेत मारून म्हणायची, "सुवर्णा, तू शीक बाई. आपलं काम बाद करणाऱ्यानं कारण तरी सांगाया पायजे का न्हाई? आन् त्येनं सांगितलं तर ते आपल्याला कळाया पायजे."

मी शिकले. बी.कॉम. झाले. आमच्या घराण्यात, आईकडच्या आणि वडिलांकडच्या दोन्ही बाजूंनी, पदवी घेतलेली मी पहिली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. मला त्यात लाज वाटत नाही आणि नम्रपणाही सुचत नाही.

आज हे सगळं वर आलं ते दोह्याच्या हवेमुळे. ऑगस्ट संपत आला की इथे अशी दमट हवा पडते की इमारतीच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर धुकं. नळ गार पाण्याचा म्हणून उघडावा तर कढत पाणी येतं. त्यामुळे उन्हाळाभर आम्ही गीझर बंद ठेवतो आणि आत साठून निवलेलं गार पाणी गीझरमधून घेतो! माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांना हे पटवताना माझ्या नवऱ्याचा, महेशचा, घसा बसला होता. खजुराची झाडं लगडलेली असतात, बाजारात ओला खजूर येतो, आणि ऑफिसमधली अरब माणसं एकमेकांना विचारू लागतात, सुहैल दिसला का? सुहैल म्हणजे आपला अगस्ती. पहाटे दक्षिणेला, क्षितिजाच्या अगदी जवळ उगवतो. तो दिसला की उन्हाळ्याचं कंबरडं मोडलं असं इथले लोक मानतात. सोलापुरात माझे आजोबा म्हणायचे, अगस्ती उगवला की गढूळ पाणी निवळतं. दोन्हीकडे ताऱ्याचं काम एकच, आता बरे दिवस येणार एवढं सांगायचं. बरे दिवस लगेच येत नाहीत हा भाग वेगळा. सुहैल दिसल्यावरही दोह्यात पुढे कितीतरी दिवस घाम निथळतच असतो.

याच दिवसांत शाळांचे गणवेश येतात. दुकानांसमोर आया रांगा लावतात, मुलं कंटाळून काचेला नाक लावून उभी राहतात. मी दोह्याच्या वेस्ट बे भागातल्या एका मालवाहतूक कंपनीत काम करते. परदेशातून आलेल्या मालाचे कागद तयार करायचे, कस्टममधून तो सोडवायचा, हमद पोर्टवरून गोदामात पोचवायचा. तशी मी इथे आले ती महेशच्या व्हिसावर, घरात बसायला. पहिली काही वर्षं खिडकीतून टॉवर मोजण्यात गेली. मग नवऱ्याच्या व्हिसावर राहून कामाचा परवाना मिळणं सोपं झालं, आणि मी दुसऱ्याच दिवशी अर्ज हातात घेऊन उभी. एखादा नियम बदलतो तेव्हा तो बदलणाऱ्याला ठाऊकही नसतं की कुठल्या घरातली कुठली बाई त्या दिवशी चप्पल घालून बाहेर पडते. मला हे ठाऊक आहे, कारण ती चप्पल माझी होती.

गेल्या वर्षीचा हाच मोसम मी जन्मभर विसरणार नाही.

त्याआधीचं थोडं सांगायला हवं. मी दोह्यात आल्यावर आईने आणि गल्लीतल्या डझनभर बायकांनी बचत गटातून शिलाई मशीनं घेतली. वडिलांचा बंद पडलेला कारखाना होता, त्याचीच शेड भाड्याने मिळाली. गणवेश शिवण्यात सोलापूरचं नाव आहेच. या बायका मोठ्या कारखान्यांची उरलीसुरली कामं घ्यायच्या. मग मुंबईच्या एका व्यापाऱ्यामार्फत अमेरिकेचं काम आलं. लहान मुलांचे शर्ट आणि टोपीवाली जॅकेटं. शर्टांच्या आधी नियमांचं पुस्तक आलं, उशीएवढं जाड. ते इंग्रजीत. दर शुक्रवारी सुट्टीच्या सकाळी मी इथे चहा घेऊन बसायचे, एक पान वाचायचे आणि त्याचं मराठी करून आईला आवाजी निरोप पाठवायचे. शेडमध्ये फोन मध्ये ठेवून सगळ्या ऐकायच्या, आणि मग आईचा उलटा निरोप यायचा.

"टोपीला नाडी नको म्हन्त्यात? मग बांधायची कशानं? डोक्यानं?"

"आई, लहान पोर घसरगुंडीवर खेळतं, नाडी अडकते, गळ्याला फास बसतो. म्हणून तिथे मनाई आहे."

मग आईचाच आवाज, पण खाली आलेला. "बराबर हाय. नाडी नको."

बांगड्यांना लटकवलेल्या पिना काढायच्या, हा नियम आला तेव्हा तर बंडच झालं. आमच्याकडे बाईच्या बांगडीला, मंगळसूत्राला दोन-चार सेफ्टी पिना नसल्या तर तिला बाई म्हणत नाहीत. पण पीन पडून कपड्यात गेली तर पोराला टोचणार. पिना दाराशी डब्यात पडायला लागल्या. सगळ्यांत कडक नियम सुईचा. मशीनची सुई मोडली की मशीन बंद. तिचे सगळे तुकडे शोधायचे, पांढऱ्या कागदावर जुळवायचे, पुरी सुई झाली तरच नवी मिळणार. टोक सापडेपर्यंत आसपासच्या कुणी जागेवरून हलायचं नाही. आणि मोडकी सुई मुकादमाच्या हातात देऊन त्याच हातातून नवी घ्यायची, असं पुस्तकात. हे काही बायकांना जमेना. सुई हातोहात दिली की भांडण होतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. शेवटी आईने एक स्टीलची ताटली आणली. मोडकी सुई ताटलीत ठेवायची, नवी ताटलीतून उचलायची. अमेरिकेचा नियमही राहिला आणि भांडणही टळलं.

तरी एक घोटाळा झालाच. पहिला नमुना तयार झाला आणि आईने रीतीप्रमाणे त्या नव्या कोऱ्या पांढऱ्या शर्टाला आतल्या बाजूने हळदीकुंकवाचं बोट लावलं. नवा कपडा तसाच कसा घालायचा? शर्ट अमेरिकेला गेला. तिथून उत्तर आलं: आतल्या शिवणीजवळ लालसर डाग, रक्त असण्याची शक्यता, नमुना नामंजूर. मी हे फोनवर सांगितलं तेव्हा आईचा आवाज बारा गल्ल्या ऐकू गेला असेल.

"रगत? आगं त्यान्ला सांग, कुक्कू हाय ते! पोराला दिष्ट लागू नये म्हून लावलं!"

मी तसं इंग्रजीत लिहून कळवलं. तिकडच्या कंपनीत माल तपासणाऱ्या एका बाईचं उत्तर आलं, डोना नाव. लिहिलं होतं, 'तुमच्या आईंचे आभार. पुढच्या वेळी हे बोट मशीनला लावलं तर चालेल का?' आईने ते मान्य केलं. तेव्हापासून प्रत्येक मशीनच्या कपाळावर कुंकू आहे.

ही डोना वर्षभराने शेड तपासायला सोलापुरात आली. मी तेव्हा सुट्टीवर घरी होते, म्हणून दुभाषी मीच. साठीची, उंच, उन्हाने लालबुंद झालेली बाई. तिचा नियम असा की कामगारांशी मालकाविना बोलायचं. इथे मालक आणि कामगार त्याच बायका, म्हणून तिने एकेकीला बाजूला घेऊन विचारलं, तुमच्यावर कुणी कामाची जबरदस्ती करतं का? रेणुका म्हणून आमची कॉलर शिवणारी आहे, ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "करत्यात की. घरी. हितं न्हाई." मी भाषांतर केलं आणि डोना इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

जेवताना, शेंगाचटणी-भाकरीने डोळ्यांत पाणी आलेलं असताना, तिने आपल्या आईची गोष्ट सांगितली. नवरा सोडून गेलेला, घरी कपडे उसवून-शिवून देण्याचं काम. मोठं मशीन घ्यायला बँकेत गेली तर बँक म्हणाली, नवऱ्याची सही आणा, नाहीतर वडिलांची. डोना तेव्हा शाळेत होती. पुढे तिकडे कायदा झाला की बाईला बाई म्हणून कर्ज नाकारायचं नाही, आणि तिची आई पुन्हा त्याच बँकेत, त्याच खिडकीशी गेली.

आईने घास हातातच ठेवला. "अमेरिकेतबी?"

"अमेरिकेतबी," मी म्हटलं.

"आन् आम्ही समजत हुतो, ह्ये फकस्त आमच्याकडंच," आई म्हणाली. तिलाही मशीनसाठी माझ्या वडिलांची सही आणायला सांगितलं होतं. वडिलांना ऐकू येत नव्हतं, कुठे सही करायची ते तिनेच बोट ठेवून दाखवलं होतं. जाताना डोनाच्या कपाळाला बायकांनी कुंकू लावलं. ती मला हळूच म्हणाली, "हे धुतलं की जातं ना?"

तर अशी घडी बसलेली. आणि गेल्या वर्षी, अशाच घामट दिवसांत, अमेरिकेने आपल्याकडच्या मालावर मोठं आयात शुल्क लावलं. बातम्यांत मोठी माणसं मोठमोठं बोलत होती. माझं अर्थशास्त्र बी.कॉम.पुरतं, पण एवढं कळत होतं की शर्ट तोच, शिवण तीच, आणि तिकडच्या दुकानात त्याची किंमत आता कुणाला परवडणार नाही. डोनाचा फोन मला आला. ती म्हणाली, "सुवर्णा, तुमच्या कामात काहीही खोट नाही. हे मला आधी सांगायचंय." मग म्हणाली की पुढच्या ऑर्डरी थांबल्या. हे कपडे घेणाऱ्या बहुतेक तिच्या गावातल्या नोकरदार आया, त्यांनाही आता ते महाग जाणार. तिकडचं सरकार म्हणतं, आमच्या माणसांना काम मिळावं म्हणून हे केलं. मिळो बापडं. कुणाच्या पोटावर पाय यावा असं मी कशाला म्हणू? पण त्या दिवशी मला दिसत होती ती आमची शेड, भिंतीला लावलेले, कुठेच न जाणारे खोके, आणि मशीनवर हात ठेवून बसलेल्या बायका.

आई फोनवर रडली नाही. म्हणाली, "रेणुकेच्या सासूनं कालच माळ्यावरनं सूप काढून धुतलंय." तेवढंच म्हणाली. शेड बंद झाली तर या बायका परत विड्यांकडे जाणार होत्या, आणि त्यांच्या मुली पानं कापायला बसणार होत्या. मला ते नको होतं. यापलीकडे माझं काही तत्त्वज्ञान नव्हतं.

माझ्या ऑफिसची एक ग्राहक आहे, नूरा मॅडम. कतारी बाई, दोह्याच्या मुशैरिब भागात गणवेशाचं मोठं दुकान, इथल्या तीन शाळांना कपडे पुरवतात. त्यांचे कंटेनर मीच सोडवायचे. त्या मोसमात त्यांचा चेहरा उतरलेला होता, कारण दुसऱ्या एका देशातून आलेल्या मालात, एका पोराच्या कॉलरमध्ये, सुईचा तुकडा निघाला होता. त्या पोराच्या आईने तो तळहातावर ठेवून व्हिडिओ काढला आणि तो घरोघर फिरला. नूरा मॅडम सगळा माल परत पाठवत होत्या आणि त्याचे कागद माझ्या टेबलावर होते. हिवाळी शर्टांसाठी नवा कारखाना शोधत होत्या, पण आता कुणावर विश्वास बसत नव्हता.

मी आधी माझ्या साहेबांची परवानगी घेतली. मग नूरा मॅडमना म्हटलं, "माझी आई शर्ट शिवते."

त्यांना वाटलं मी गप्पा मारतेय. "माशाल्ला, माझी आजीही छान शिवायची."

"तसं नाही मॅडम. अमेरिकेला पाठवत होती. आता ऑर्डर बंद झाली. तुम्ही बघा तरी."

"माझ्याकडे रोज कुणीतरी सांगतं, आमचा माल अमेरिकेला जातो," त्या म्हणाल्या. "ठीक. मला शेड दाखव. फोटो नको. चालू कामात दाखव."

दोन दिवसांनी मी त्यांच्या ऑफिसात लॅपटॉप उघडून बसले. समोर पितळी किटलीतला गहवा, म्हणजे इथली वेलदोड्याची कडू कॉफी, बशीत ओला खजूर. शेडमध्ये आईने फोन दोऱ्याच्या कोनाला टेकवून ठेवला होता. बायका नूरा मॅडमसाठीच नमुन्याचे शर्ट शिवत होत्या. आईने इरकली नेसली होती, केसांना तेल लावून चापून अंबाडा. ती नमस्कार करणार तेवढ्यात मागे कट्‌ असा आवाज झाला आणि एक मशीन थांबलं. रेणुकेचं. कॉलर जोडताना सुई मोडली होती.

आईने जोडलेले हात तसेच सोडले आणि पाठ फिरवली.

"कुणी हलू नका!"

सगळी शेड थिजली. पडद्यावर नुसत्या स्तब्ध बायका, एकीचा हात हवेत, एकीचा कात्रीवर. जुन्या स्पीकरचं चुंबक काठीला बांधून ठेवलेलं असतं, ते घेऊन आई खाली गुडघ्यावर बसली. मी हळू आवाजात म्हटलं, "आई, अगं नूरा मॅडम समोर बसल्यात."

"असू दे की. थांबा म्हण त्यान्ला."

"आई, एक मिनिट बोल आणि मग…"

"टोक गावल्याबिगर म्या उठत न्हाई, सुवर्णा."

नूरा मॅडमनी विचारलं, "काय म्हणतेय?"

माझ्या तोंडावर आलं होतं की नेटवर्क गेलंय. पण पडद्यावर सगळं लख्ख दिसत होतं. मी खरं सांगितलं. "आई म्हणतेय, थांबा. सुई मोडलीय. टोक सापडल्याशिवाय ती बोलणार नाही."

मॅडमच्या भुवया वर गेल्या. गहवा देणाऱ्याने माझा प्याला भरला. इथे नको असेल तर प्याला हलवून परत द्यायचा असतो. मी ते पार विसरले, पीत गेले आणि तो भरत गेला. तिकडे संवाद चाललेला, मॅडमना शब्द कळत नव्हते पण त्या खुर्ची पुढे ओढून बघत होत्या.

"रेणुके, पदर बग."

"झाडू का अक्का?"

"आगं झाडू नगंस, येडे! झाडलं की उडंल. उलगडून बग, हळू."

"न्हाई हितं."

"चपलाचा तळवा?"

"न्हाई."

"मशीनच्या पोटात?"

चुंबक फिरलं. काही नाही. मला ऐकू आलं की कुणीतरी म्हणालं, अक्का, मोठं गिऱ्हाईक हाय, जाऊ द्या की, मागनं बगू. आईने तो अर्धवट शर्ट मशीनवरून उचलला, टेबलावर पसरला आणि कॉलरच्या घडीवरून चुंबक अगदी सावकाश नेलं. एका जागी हात थांबला. कात्रीने तिथली टीप उसवली, घडी उघडली, आतल्या कडक अस्तरात टोक रुतून बसलेलं. पांढऱ्या कागदावर तिने मोडकी सुई ठेवली, शेजारी टोक ठेवलं, दोन्ही सरकवून जुळवलं. पुरी झाली. मग मोडकी सुई ताटलीत, नवी सुई ताटलीतून. शर्टाकडे बोट दाखवून रेणुकेला म्हणाली, "ह्यो बाद. कॉलरीत टोक गेलं हुतं म्हून बाद. तुजी चूक न्हाई." आणि पुन्हा मशीनं सुरू झाली.

मला माझा तो संध्याकाळचा रस्ता दिसला, काखेतल्या रिकाम्या सुपासकट. बाद करणाऱ्याने कारण सांगायचं असतं. आई ते सांगत होती, आणि जिला सांगत होती तिची मान वरच होती.

आई हात पुसून फोनसमोर येऊन बसली. "हां. नमस्कार. आता बोला मॅडम."

ना क्षमा, ना सबब. नूरा मॅडमनी पडद्यावरच्या त्या उसवलेल्या शर्टाकडे बोट दाखवलं. ज्या जागी त्यांचा माल बुडाला होता तीच जागा, कॉलर. त्या मला म्हणाल्या, "विचार तिला, माल उद्या द्यायचा असता तर? तरी थांबली असती?"

मी विचारलं. आई म्हणाली, "त्यान्ला म्हणावं, घाई आसंल तवा तर जास्तच थांबाया लागतं. सुया घाईतच मोडत्यात."

मी भाषांतर केलं. मॅडम हसल्या. गेल्या कितीतरी दिवसांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. "माझ्या धंद्यात," त्या म्हणाल्या, "सगळे मला सांगतात, उद्या देतो, आजच देतो, आत्ता देतो. थांब म्हणणारी पहिलीच भेटली." मग टेबलावर टिचकी मारून म्हणाल्या, "यल्ला, चला. हिवाळ्याचे शर्ट. तारखा लिहून घे."

मी तारखा लिहून घेतल्या. तिकडे आईला सांगितलं तेव्हा ती आधी मागे वळून ओरडली, मग सगळ्या बायका फोनवर इतक्या जवळ आल्या की पडद्यावर नुसती कपाळं आणि कुंकवं. कुणीतरी मागून म्हणालं, "रेणुके, तुज्या सासूला सांग म्हणावं, सूप परत माळ्यावर टाक."

या सगळ्याचा विचार करते तेव्हा एक गोष्ट मनात येते. नियम येतात तेव्हा ते ओझंच वाटतात. आमच्या बायकांनी त्या जाड पुस्तकाला किती शिव्या दिल्या असतील त्याला गणती नाही. अमेरिकेच्या ऑर्डरी एका फटक्यात गेल्या. त्या देणं, परत घेणं तिकडच्यांच्या हातात होतं. पण जे शिकलो ते परत घेता येत नाही कुणाला, त्यावर कसलंही शुल्क बसत नाही. डोनाला मी हे कळवलं. तिचं उत्तर आलं, 'माझ्या आईला हे ऐकायला फार आवडलं असतं.' तिची नोकरी टिकली आहे, पण काम कमी झालंय. मी तिला सोलापूरची शेंगाचटणी पाठवली. कस्टमचे कागद अर्थातच मीच भरले.

माझी मुलगी इरा अकरा वर्षांची आहे, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत देते. परवा आई फोनवर होती तेव्हा तिने विचारलं, "आज्जी, आर यू द बॉस?"

आई म्हणाली, "काय म्हन्ती गं ही?"

"विचारतेय, तू साहेब आहेस का?"

"साहेब कशाची! हितं सगळ्याच साहेब हायेत, म्हून तर डोक्याला ताप." आणि फोन न ठेवताच कुणावर तरी ओरडली.

आमच्या इमारतीत पुण्याच्या एक बाई राहतात. त्यांचा मुलगा नूरा मॅडमकडून गणवेश घेणाऱ्या शाळेत आहे. परवा लिफ्टमध्ये भेटल्या, हातात पिशवी. म्हणाल्या, "यंदा शर्ट बरे दिलेत हो. कॉलर कशी छान बसलीय बघा."

मी म्हटलं, "माझ्या आईने शिवलेत."

"अय्या! म्हणजे डिझाइन केलेत?"

"नाही हो, शिवलेत. मशीनवर बसून."

त्यांनी पिशवीत डोकावून कॉलर पुन्हा पाहिली. लिफ्ट सातव्या मजल्यावर थांबली, मी हसून उतरले. पूर्वी मी असं काही सांगताना आवाज खाली घ्यायचे. हल्ली घेत नाही.

महिन्यापूर्वी मी स्वतः हमद पोर्टला गेले. जायची गरज नव्हती, कागद ऑफिसातून होतात. पण यंदा पहिल्यांदाच माल विमानाने थोडाथोडा न येता पूर्ण कंटेनर भरून समुद्रातून आला होता, आणि तो मला डोळ्यांनी बघायचा होता. उन्हाने लोखंड तापलेलं, हवा ओल्या फडक्यासारखी तोंडावर. दार उघडलं तेव्हा आत छतापर्यंत खोके, प्रत्येकावर मराठीत आणि इंग्रजीत आमच्या शेडचं नाव. ड्रायव्हर केरळचा होता, हिंदीत म्हणाला, "मॅडम, आपका सामान है क्या? रो क्यों रहे हो?" मी म्हटलं, घाम आहे. तोही अर्धा खराच होता.

या वर्षी बायकांनी आपल्या गटाची कंपनी केली. सगळ्या संचालक बायका आहेत, आणि बँकेने कुणाच्याही नवऱ्याची सही मागितली नाही. यंदाची सगळी ऑर्डर शाळा उघडायच्या आत दोह्यात पोचली आणि त्यातला एकही शर्ट परत आला नाही. पुढच्या वर्षाचं काम हातात आहे. त्या कंपनीची अध्यक्ष अंबूबाई, माझी आई आहे.